बोटीचा एसी ‘हाय प्रेशर’ दाखवून बंद पडत असेल तर

मांडवीत उभ्या बोटीचा एसी चालू केला की थोड्याच वेळात ‘हाय प्रेशर’ दाखवून बंद पडायचा. गॅस तपासून झाला, एअर फिल्टर धुऊन झाला; फरक शून्य. भर मे महिन्यात डोकं फिरायची वेळ. बोटीचा एसी बाहेरून पंपाने ओढलेल्या पाण्यावर थंड होतो, आणि खरी खूण बोटीबाहेर होती: एसीतून बाहेर पडणाऱ्या त्या पाण्याची धार जेमतेम पेन्सिलीएवढी, तीही अडखळत. पाइपात हवा अडकली होती.

आधी ब्रेकर पाडला, मग पाणी आत घेणारा तळाचा व्हॉल्व्ह बंद. गाळणीतला चिखल काढून झाकणाचं रबर नीट बसवलं. व्हॉल्व्ह उघडून पंपाच्या वरच्या पाइपाची क्लिप सैल केली (पंप पाण्याच्या पातळीखाली हवाच), फुसफुस थांबून सलग पाणी आल्यावर आवळली. शेवटी पाइपाचा मधला उंचवटा काढून तो एसीपर्यंत चढता बांधला. हवा तिथेच साठायची. रिव्हर्स सायकलवाल्यांनो (म्हणजे ज्यांचा एसी उलटा चालून गरम हवाही देतो), हीटिंगलाही हेच पाणी लागतं.