नीटचा अभ्यास फौजी शिस्तीत करायचा म्हणजे नक्की काय करायचं

आपल्या सातारा जिल्ह्यात घराघरात फौजी, अपशिंग्याच्या तर नावालाच मिलिटरी जोडलंय, आणि देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ ला इथंच सुरू झाली, त्यामुळं पोरगं नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसलं की घरातलं कुणीतरी म्हणणारच, फौजीसारखा अभ्यास कर. मग पोरं काय करतात, पहाटे चारचा अलार्म लावतात, झोप मोडतात आणि आठवड्याभरात आजारी पडतात. लवकर उठणं हा ट्रेनिंगचा अगदी छोटा भाग आहे. माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून पेन्शनीला आले, त्यांना खोदून खोदून विचारलं आणि जे अभ्यासाला खरंच लागू पडतं तेवढंच सांगतो.

पहिलं, रोल कॉल. तिकडं संध्याकाळीच उद्याची डिटेल मिळते, कोण कुठल्या ड्युटीवर, किती वाजता. सकाळी उठून आज काय करू हा विचार जवानाला करावाच लागत नाही. तुम्ही रात्री जेवण झालं की वहीत उद्याचं लिहून ठेवा. "फिजिक्स करणे" असं लिहू नका, त्याला काही अर्थ नाही, "साडेसहा ते आठ, रोटेशनल मोशनचे ३० प्रश्न" असं लिहा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, ग्रुपिंग. फायरिंगला नवीन रिक्रूटच्या गोळ्या मधोमध लागल्या का हे आधी बघत नाहीत, सगळ्या जवळजवळ पडल्या का ते बघतात. एका जागी पण बाजूला पडल्या तर बंदुकीची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, ॲडजस्ट करायची, विखुरल्या तर पकड, श्वास, ट्रिगर यात गडबड आहे. मॉक टेस्टचं हुबेहूब असंच करायचं. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४ आणि चुकलं तर वजा १. पेपर झाला की बहुतेकजण ७२० पैकी किती एवढं बघतात आणि पेपर फेकून देतात, कृपा करून असं करू नका. चुकलेले प्रश्न चॅप्टरप्रमाणं लावा. १५ चुकले आणि त्यातले ८ आयनिक इक्विलिब्रियमचे निघाले तर तो ग्रुप आहे, चॅप्टरच कच्चा आहे, एनसीईआरटीचं पुस्तक उघडून दोन दिवस तिथंच बसा. पण सगळीकडं एकेक चुकलाय आणि घरी शांतपणे केला की सुटतोय, तर अजून वाचून काही होणार नाही, तिथं घाई, अपुरी झोप, प्रश्न अर्धा वाचणं, ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, गोल चुकवणं यातलं काहीतरी आहे, ते शोधा.

पेपर दुपारी २ ते ५ असतो. म्हणून मॉक पण त्याच वेळेला, उन्हाळ्यातल्या उकाड्यात, जेवून, बॉलपेननं ओएमआर भरून द्यायचा. रात्री दोनपर्यंत जागून दुपारी झोपायची सवय लागली असेल तर निदान शेवटचे दोन महिने तरी ती मोडाच.

एक बडी पाहिजे. फौजेत जोडी लावतात, एकमेकांची किट बघतात. तुमचा बडी रोज तुमची वही बघेल, तुम्ही त्याची. मार्कांची तुलना करणारा मित्र नको, आज डिटेल पूर्ण झाली का एवढंच विचारणारा पाहिजे.

आणि पालकांनो, एक कळकळीची विनंती, रगडा, म्हणजे फौजेतली दमवणारी शिक्षा, घरी आणू नका. मार्क कमी आले म्हणून जेवताना बोलणं, पाहुण्यांसमोर काढणं यानं पोरगं सुधारत नाही, पुढच्या वेळी मार्क लपवायला शिकतं. फौजेत पण झोप आणि जेवणाची वेळ ठरलेली असते, सात तास झोप द्याच.

शेवटचं म्हणजे रेकी. सेंटर कळलं की आदल्या दिवशी जाऊन गेट बघून या, रविवारी एसटी किती वाजता आहे ते आधी विचारा, कारण दीडला गेट बंद झालं की कुणालाच आत घेत नाहीत. ॲडमिट कार्ड, फोटो, ओळखपत्र रात्रीच एका पिशवीत भरा, आणि कपडे अर्ध्या बाह्यांचे, पायात बूट नकोत, चप्पल घाला.