ईएसएक्सआय अपग्रेड करताय? आधी जुना डेटास्टोर बघा भो

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगात, पतपेढीत अजून जुने सर्व्हर चालू आहेत, त्यांच्यावर ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनी चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) ६.७ किंवा पुढचं टाकायच्या आधी होस्टवर, म्हणजे त्या सर्व्हरवर, ईएसएक्ससीएलआय स्टोरेज फाइलसिस्टम लिस्ट (esxcli storage filesystem list) ही कमांड मारा आणि टाइपचा कॉलम बघा. व्हीएमएफएस-३ (डेटास्टोरची, म्हणजे मशिनींच्या फाइली ठेवायच्या जागेची, जुनी फाइलसिस्टम) दिसलं तर ६.७ ते माउंट करतानाच (जोडून घेतानाच) आपोआप व्हीएमएफएस-५ करतं, मागे फिरता येत नाही, म्हणून बॅकअप आधी घ्या आणि रिस्टोर करूनही बघा.

व्हीएमएफएस-५ चं ६ मात्र जागच्या जागी होतच नाही. नवीन लन (स्टोरेजमधला डिस्कचा वेगळा तुकडा) घ्या, व्हीएमएफएस-६ ने फॉरमॅट करा, स्टोरेज व्हीमोशनने (चालू मशीन बंद न करता तिच्या फाइली हलवायची सोय) व्हर्च्युअल मशिनी हलवा, त्याचं लायसन नसेल तर मशीन बंद करून हलवा. ६.५ च्या खालचा होस्ट व्हीएमएफएस-६ वाचत नाही, सगळे होस्ट वर आल्याशिवाय घाई नको. आणि मे महिन्यात दुपारी तर हे काम काढूच नका, लाइटीचा काय भरवसा, रात्री करा आणि यूपीएस बघून करा.

जुना डेटास्टोर अनमाउंट होत नसेल तर त्यावर आयएसओ (सीडीच्या इमेज फाइली), टेम्प्लेट राहिलेत का बघा, बहुतेकदा ईएसएक्सआयचा स्क्रॅच (तात्पुरत्या फाइलींचा) नाहीतर लॉगचा फोल्डर तिथेच अडकलेला असतो, तो आधी दुसरीकडे वळवा.