माघ बिहूला आसामात जायचंय? कमी खर्चातल्या प्रवासाची तयारी

पहिल्यांदा कोणता बिहू ते ठरवा. आसामात बिहू वर्षातून तीनदा येतो. एप्रिलच्या मध्यात बोहाग किंवा रोंगाली बिहू, ढोल, पेपा (शिंगाचं वाद्य) आणि नाचाचा. ऑक्टोबरच्या मध्यात काती किंवा कोंगाली. तेव्हा जुनं धान्य संपत आलेलं असतं, म्हणून तो साधा, शेतात आणि तुळशीपाशी पणत्या लावण्यापुरता. आणि जानेवारीच्या मध्यात माघ बिहू, म्हणजे भोगाली, भात घरात आल्यानंतरचा. नाच बघायचा असेल तर सरळ एप्रिलची तयारी करा. सुगीचा सण अनुभवायचा असेल, घराघरातलं खाणं, रात्रभराची शेकोटी आणि पहाटेचा अग्नी हवा असेल, तर जानेवारी. पुढचं सगळं जानेवारीसाठी आहे.

तिकिटाच्या आधी गाव ठरवा. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण बहुतेक जण उलटं करतात. विमानाचं स्वस्त तिकीट दिसलं की घेतात, गुवाहाटीत हॉटेल धरतात आणि उरुकाच्या संध्याकाळी, म्हणजे बिहूच्या आदल्या रात्री, बंद दुकानांच्या रस्त्यावर उभे राहतात. माघ बिहू मंचावर होत नाही. तो कापणी झालेल्या शेतात होतो. तिथे गावातली पोरं बांबू आणि भाताच्या पेंढ्याची झोपडी उभारतात, तिला भेलाघर म्हणतात. शेजारी लाकडं, बांबू आणि पेंढा रचून उंच मेजी बांधतात. रात्री तिथेच सामुदायिक जेवण, गाणी, जागरण. पहाटे अंघोळ करून मेजी पेटवायची. या सगळ्यात तुम्ही कुणाचे तरी पाहुणे असायला हवं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच ओळख काढा. पुण्या-मुंबईत, बंगळुरूत नोकरीला असलेली आसामी मंडळी भरपूर आहेत. ऑफिसमध्ये कुणी सहकारी असेल तर मोकळेपणानं विचारा, घरी नेण्यात त्यांना आनंदच असतो. ओळख नसेल तर माजुली या ब्रह्मपुत्रेतल्या बेटावर किंवा शिवसागर-जोरहाट भागात एखादा घरगुती होमस्टे शोधा आणि फोन करून एकच प्रश्न विचारा : उरुकाला तुम्ही स्वतः घरी असता का? हो म्हणाले तर तिथेच राहा.

आता गाडी. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या प्रवासासाठी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठ वाजता बसायचं. मुंबईत लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गुवाहाटी, कामाख्या आणि दिब्रुगडकडे थेट गाड्या सुटतात, पण रोज नाहीत, त्यामुळे आधी वार बघून मग तारीख बांधा. स्लीपरचं भाडं हजाराच्या आसपास. दोन दिवस, कधी त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. याच दिवसांत बाहेरगावी कामाला असलेले आसामी लोक घरी निघालेले असतात, म्हणून वेटिंगचं तिकीट कन्फर्म होईल या भरवशावर राहू नका. विमानाची भाडीही त्या आठवड्यात चढतात. उत्तरेकडून जाणाऱ्या गाड्या जानेवारीच्या धुक्यात हमखास रखडतात. म्हणून उरुकाच्या किमान दोन दिवस आधी गुवाहाटीत उतराल असं बघा. हा जादा दिवस खर्चिक वाटतो, पण स्टेशनजवळच्या पलटण बाजारात साधे लॉज आहेत, आणि एक दिवस कामाख्या मंदिर आणि ब्रह्मपुत्रेच्या काठासाठी सहज निघतो.

तारीख पंचांगात बघून घ्या. उरुका १३ किंवा १४ जानेवारीला येते, बिहू दुसऱ्या दिवशी. आपल्याकडची भोगी आणि संक्रांत याच सुमारास. त्यामुळे घरी संक्रांतीला नसणार हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

माजुलीला जाणार असाल तर एक हिशेब वेगळा करा. गुवाहाटीहून जोरहाट सुमारे तीनशे किलोमीटर; रेल्वे आहे, रात्रीची बसही आहे. जोरहाटहून निमाती घाट चौदा-पंधरा किलोमीटर, तिथून फेरी. फेऱ्या मोजक्या, शेवटची दुपारीच निघते, आणि धुकं असेल तर सकाळची पहिलीही उशिरा सुटते. उरुकाच्या दिवशी घाटावर दुचाक्या, कोंबड्या, पोती आणि घरी परतणारी माणसं यांची दाटी असते. आदल्या दिवशीच पलीकडे पोहोचलेलं बरं. आणि वेळेचा अंदाज आपल्या सवयीनं करू नका : पूर्वेला असल्यामुळे जानेवारीत तिथे पाचच्या आधी सूर्य मावळतो. चहाच्या मळ्यांत तर घड्याळ तासभर पुढे ठेवून काम चालतं, त्याला बागान टाइम म्हणतात. थोडक्यात, गावात पोहोचायचं ते दुपारी तीनच्या आत.

परमिटची काळजी नको. आसामला इनर लाइन परमिट लागत नाही. इथूनच नागालँड किंवा अरुणाचलला शिरायचं असेल तर लागतं. पण माझा सल्ला असा, की ते याच फेरीत कोंबू नका. बिहूच्या आठवड्यात काझीरंगा, शिलाँग आणि तवांग उरकणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांच्याकडे गाडीच्या खिडकीतून काढलेले फोटो भरपूर असतात. सणाला एक गाव द्या, फार तर दोन.

बॅग भरताना थंडी मनावर घ्या. आकडा दहा-बारा अंशांचाच असतो, पण हवा ओली असते, घरं बांबूची, आणि रात्र उघड्या शेतात काढायची असते. स्वेटर, कानटोपी, जाड मोजे, एक शाल. मिसिंग लोकांच्या खांबांवरच्या चांग घरात झोपणार असाल तर जमिनीच्या फटींतून गार वारा येतो, तेव्हा अंगाखाली घालायला जाड चादर हवीच. तीच स्लीपरच्या डब्यातही कामाला येते. मेजीजवळ उभं राहायचं म्हणून वरचा कपडा लोकरीचा किंवा सुती असू द्या, नायलॉनचं जॅकेट ठिणगी पडली की भोक पाडून घेतं. शेतातल्या दवासाठी जुने बूट. टॉर्च, पॉवरबँक, नेहमीची औषधं, आधार कार्ड. पैशांत सुट्या नोटा जास्त ठेवा. यूपीआय चालतं, पण गावात नेटवर्क गेलं की रोखच उपयोगी, आणि बिहूच्या दिवशी बहुतेक सगळं बंद असतं.

घरून न्यायची भेट म्हणजे तिळगूळ. त्यांच्याकडेही बिहूला तिळाचे लाडू असतात, तिलोर लारू म्हणतात, आणि दोन्ही घरचे तीळ एका ताटात आले की ओळख करून द्यायला वेगळं काही बोलावं लागत नाही. लोणावळ्याची चिक्कीही चांगली टिकते. होमस्टेचे पैसे आधी ठरवून घ्या आणि घासाघीस करू नका. सणाच्या दिवशी ते तुम्हाला घरात घेत आहेत. कुणाच्या ओळखीनं गेला असाल तर उरुकाच्या भोजासाठी गावात वर्गणी निघते, तिच्यात आपला वाटा न मागता द्या. मासळीला त्या दिवशी सोन्याचा भाव असतो, हे लक्षात असू द्या.

खाण्याची तयारी म्हणजे पोटाची आणि जिभेची दोन्ही. शाकाहारी असाल तर यजमानांना निघण्यापूर्वीच कळवा, कारण उरुकाचं जेवण मासे आणि बदक-कोंबडीभोवती फिरतं. उपाशी मात्र राहणार नाही : केळीच्या सालीच्या राखेतून काढलेल्या क्षारात शिजवलेली पपई, त्याला खार म्हणतात, आलू पिटिका म्हणजे कुस्करलेला बटाटा, पालेभाज्या, जोहा तांदळाचा भात. सकाळी जेवणाआधी जोलपान, म्हणजे न्याहारी मिळेल. त्यातला कोमल चाउल नक्की मागा. हा तांदूळ शिजवावा लागत नाही, पाण्यात भिजवला की मऊ होतो. वर दही आणि गूळ. काशाच्या वाटीत वाढतात, आणि तो काशाचा धंदा सार्थेबारी गावात अजून हातानं चालतो.

उरुकाच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात थोडा वेळ बसायची परवानगी मागा. तिल पिठा बनताना बघणं हे माझ्या मते या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं. बोरा नावाचा चिकट तांदूळ भिजवून, निथळून ढेकीत किंवा उखळीत कुटतात, पीठ ओलसरच ठेवतात. तापलेल्या तव्यावर मूठभर पीठ बोटांनी गोल पसरायचं, पाण्याचा थेंब नाही. क्षणभरात ते पीठ आपोआप एकमेकांना धरतं. मध्ये काळ्या तिळाची आणि गुळाची एक रेघ, मग चटकन गुंडाळी. हात लावून बघायला दिलं तर लावा. पहिली दोन फुटणारच, त्या घरातल्या बायका ती हसत खातात.

पानसुपारी म्हणजे तामोल-पान पाहुण्याला आधी दिलं जातं. त्यांची सुपारी ओली, मुरवलेली, आपल्या सुक्या सुपारीहून कितीतरी जहाल. सवय नसलेल्याला घाम फुटतो, डोकं गरगरतं. नाही म्हणू नका, दोन्ही हातांनी घ्या, लहान तुकडा तोंडात टाका, उरलेलं खिशात. मिसिंग घरात आपोंग, म्हणजे तांदळाची घरची दारू, समोर येईल; घेत नसाल तर तसं नम्रपणे सांगितलेलं चालतं. गळ्यात घातला जाणारा गामोसा, म्हणजे लाल काठाचा पांढरा पंचा, मानाचा असतो. साध्या, बिननक्षीच्या गामोश्यानं अंग पुसतात, पण फुलाम, म्हणजे नक्षीचा गामोसा तसा वापरायचा नाही. आसामच्या गामोश्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं. विकत घ्यायचा तर हातमागावरचाच घ्या. मोठ्या बहिणीसारख्या बाईला बाइदेउ, पुरुषाला दादा म्हटलं की पुरेसं.

रात्री एक गोष्ट होते, ती आधीच माहीत असू द्या : पोरं शेजाऱ्यांच्या परसातल्या भाज्या, कुंपणाचे बांबू, लाकडं पळवतात. तो उरुकाचा जुना रिवाज आहे, भांडण समजू नका. पहाटे चारच्या सुमाराला उठावं लागेल, गार पाण्याची अंघोळ करावी लागेल. मेजी पेटली की लोक तिच्यात पिठा आणि सुपारी अर्पण करतात, हात जोडतात. त्या वेळी मोबाईल खाली ठेवा. नंतर अर्धवट जळालेल्या बांबूचे तुकडे आणि राख शेतात, फळझाडांच्या मुळाशी टाकतात. तेव्हा मदतीला जा, फोटो तेव्हा काढा.

माघ बिहूला भरवल्या जाणाऱ्या रेड्यांच्या झुंजी माझ्या यादीत नाहीत. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या थांबल्या, २०२४ मध्ये पुन्हा भरल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं त्यांची नियमावली रद्द केली. जनावर रक्तबंबाळ झालेलं बघायला एवढा प्रवास करू नये.

त्याऐवजी दोन-तीन दिवस राखा जोनबील मेळ्यासाठी. मोरीगाव जिल्ह्यात जागीरोडजवळ, बिहूच्याच आठवड्याच्या अखेरीस तिवा लोकांचा हा मेळा भरतो, त्यांच्या गोभा राजाचा दरबार बसतो. डोंगरातले तिवा, कार्बी, खासी लोक आलं, हळद, कंद घेऊन उतरतात आणि मैदानातल्या लोकांकडून पिठा, चिवडा, सुकी मासळी घेतात. पैसा मध्ये येत नाही. अदलाबदल पहाटे चालते, म्हणून आदल्या रात्रीच जवळपास मुक्काम करा. नोटा दाखवून त्यांच्याकडून आलं मागू नका, रोखीची दुकानं मेळ्यात वेगळी असतात. जागीरोडला रेल्वे स्टेशन आहे, गुवाहाटीला परत जाणं सोपं.

परतीचं तिकीट मेळ्याच्या दुसऱ्या दिवसानंतरचं काढा. त्याचं आरक्षण जातानाच्या तिकिटानंतर आठ-दहा दिवसांनी उघडेल, तेव्हा फोनमध्ये दोन वेगळे गजर लावून ठेवा.