साडेआठ हजार फुटांवर डाळ शिजत नाही: टुओलमीला तंबू ठोकताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातली (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची) मराठी कुटुंबं उन्हाळ्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला निघतात तेव्हा डोक्यात खालच्या दरीचंच चित्र असतं. दरी ४,००० फुटांवर आहे. टुओलमी मेडोजचं कॅम्पग्राउंड ८,६०० फुटांवर, लॉजपोल पाइनच्या जंगलात. या फरकाचा हिशेब सामान भरतानाच केला नाही, तर पहिली रात्र हमखास वाया जाते.

सगळ्यात मोठी चूक घाईची. सकाळी समुद्रसपाटीवरून निघायचं, दुपारी पोचायचं आणि लगेच मुलांना घेऊन लेम्बर्ट डोम हा ग्रॅनाइटचा घुमटासारखा डोंगर चढायला लागायचं! आठ हजार फुटांच्या वर विरळ हवेचा त्रास धडधाकट माणसालाही होतो. पहिला दिवस नदीकाठी पाय मोकळे करण्यात घालवा. जमलं तर आदली रात्र दरीतच काढा. डोकं ठणकतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, अशी लक्षणं दिसली तर आराम करा, पाणी प्या, आणखी वर जाऊ नका. उलट्या थांबत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर उजाडायची वाट बघू नका. त्या माणसाला लगेच खाली उतरवा.

आता डाळ. पहिल्या वर्षी आम्ही पातेल्यात तुरीची डाळ लावली होती. पाणी खळाखळा उकळत होतं, फेस वर येत होता, पण दीड तासानंतरही दाणा बोटांत दाबला की आत कडकच लागे. मुलं शेवटी चिवडा खाऊन झोपली. कारण साधं आहे: या उंचीवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, नुसतं आटतं. तेव्हा छोटा कुकर न्याच, आणि घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त काढा. कुकर नसेल तर मुगाची किंवा मसुरीची डाळ न्या. भाताला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त द्या, चहाही थोडा जास्त उकळा.

थंडीचं गणित असंच चुकतं. दुपारी टी-शर्टवर फिरतो म्हणून स्वेटर घरीच राहतात आणि रात्री पारा शून्याजवळ येतो. त्यात आपण नेतो ती जाडजूड हवेची गादी! तिच्यातली हवा जमिनीसारखीच गार पडते आणि पाठ रात्रभर गारठते. पहाटे गादी मऊ पडली की लोक पंक्चर शोधत बसतात. बहुतेक वेळा हवा थंडीने आकसलेली असते, इतकंच. गादीवर, म्हणजे पाठीखाली, फोमची चटई किंवा घोंगडी घाला. पांघरुणं वाढवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. स्लीपिंग बॅग घेताना ‘कम्फर्ट’ म्हणून दिलेला तापमानाचा आकडा बघा. ‘लिमिट’चा आकडा उबेचा नसतो. आणि कितीही कुडकुडलात तरी स्टोव्ह किंवा निखारे तंबूत आणू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत जीव जातो.

अस्वलांबाबत मात्र आपले लोक एका ठिकाणी चुकतातच. चिवडा-लाडू बेअर लॉकरमध्ये, म्हणजे अस्वलाला उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीत जातात, पण खोबरेल तेल, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लोणच्याची बरणी गाडीतच राहते. अस्वलाच्या लेखी वास येतो ते सगळं खाणंच, आणि वासापायी ते गाडीचं दार वाकवतं. बाळाच्या कार सीटच्या फटीतले बिस्किटाचे तुकडेसुद्धा झाडून काढा. डबा काढलात की लॉकरची कडी लगेच लावा. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा, आणू नका, योसेमिटीत त्याला बंदी आहे. माणसांच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल पुढे धीट होतं, आणि शेवटी जीव त्याचाच जातो. आपल्या एका उघड्या डब्यापायी तसं होऊ नये.

बर्फ वितळल्यावर जुलैच्या आसपास डासांचा सुळसुळाट असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे न्या.

दुपारच्या ढगांकडेही लक्ष ठेवा. उघड्या ग्रॅनाइटच्या डोमवरून दुपारच्या आत खाली या. गडगडाट ऐकू आला तर तंबूत शिरू नका, त्याने विजेपासून संरक्षण होत नाही. मुलांना घेऊन गाडीत बसा, काचा लावून घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.