टायमिंग बेल्ट घरच्या घरी कसा तपासायचा

पाने काढण्याआधी एक खात्री करा: तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन? मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं आणि स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल चेनवर चालतं, त्यांच्यासाठी हा खटाटोप नाही. जुनी मारुती ८००, ऑम्नी, ८०० सीसीची अल्टो, जुनी सँट्रो, डस्टर आणि सनीचं १.५ डिझेल, पोलो-व्हेंटोचं १.५ डिझेल, जुन्या इनोव्हाचं २.५ डिझेल, या सगळ्यांत दातेरी रबरी बेल्ट आहे. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्येही बेल्टच आहे, पण तो इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. खालची पद्धत त्याला लागू पडत नाही.

क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) दोनदा फिरला की कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदा फिरतो, हा ताळमेळ बेल्ट राखतो. ३००० आरपीएमला प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला तर कॅम जागीच थांबतो, क्रँक मात्र वेगात फिरतच राहतो आणि बऱ्याच इंजिनांत वर येणारे पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आपटतात. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड (इंजिनाचा वरचा, वॉल्व्ह असलेला भाग) यांच्यात जागाच नसल्यामुळे वॉल्व्ह वाकणं जवळपास ठरलेलं. मग हेड उतरवण्याशिवाय इलाज नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. किल्ली खिशात, गिअर न्यूट्रलला, हॅन्डब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. आडव्या इंजिनाच्या बहुतेक गाड्यांत बेल्ट पुढच्या उजव्या चाकाच्या बाजूला असतो. ती बाजू जॅकने उचला, स्टँडवर टेकवा, चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं लायनर काढा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. इनोव्हात इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेलं असल्याने बेल्ट समोरच, रेडिएटरमागे मिळतो.

आता बेल्टचं वरचं कव्हर. बहुतेक वेळा १० नंबरचे बोल्ट किंवा क्लिपा असतात. कव्हर इंजिन माउंटच्या (इंजिनाला गाडीशी धरून ठेवणाऱ्या आधाराच्या) आड येत असेल तर घरी माउंट खोलायच्या फंदात पडू नका. कव्हरची कड जेवढी सुटेल तेवढी सोडवून टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा आत घाला. कव्हर जागेवर नाही किंवा फुटलंय, असंही खूपदा आढळतं, कारण मागच्या कामात कुणीतरी ते परत बसवायचा कंटाळा केलेला असतो. मग पावसाळ्यातला चिखल आणि बारीक खडी थेट पुलीवर जाते. दात आणि पुलीमध्ये सापडलेला एक खडा बेल्टच्या आतले काचतंतू तोडायला पुरतो.

वरून दिसतो तो बेल्टचा एक तुकडा. पूर्ण बेल्ट बघायचा तर इंजिन हाताने फिरवावं लागतं. बेल्टच्या पाठीवर खडूने एक रेघ मारा, क्रँक पुलीच्या मधल्या बोल्टवर सॉकेट आणि लांब दांडा लावा आणि रेघ परत समोर येईपर्यंत सावकाश फिरवा. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढले तर हात हलका जातो. समजा, बेल्टला १२० दात आणि क्रँक पुलीला २० दात असतील, तर बेल्टची एक फेरी म्हणजे क्रँकच्या सहा फेऱ्या. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवायचं. पुलीकडे तोंड केलं तर बहुतेक इंजिनांत ती घड्याळाच्या काट्याची दिशा, जुन्या काही होंडांत उलटी. उलटं फिरवलं की ढील चुकीच्या बाजूला जाते आणि बेल्ट दात सोडू शकतो. कॅमच्या बोल्टला धरून किंवा सेल्फ मारून फिरवणं तर अजिबातच नको.

प्रत्येक चार-पाच इंचांवर थांबून बघा. पाठ काचेसारखी चकाकत असेल आणि नखाने दाबल्यावर वळ उठत नसेल तर रबर उष्णतेने कडक झालंय. आडव्या भेगा दिसल्या तर पुढे बघायचीही गरज नाही, बेल्ट बाद. दातांवरचं कापड विरून खालचं रबर किंवा पांढुरके दोरे दिसत असतील, दाताच्या मुळाशी चीर असेल, एखादा दात गळाला असेल, तरी तेच. सलग चार-पाच दात मुळापासून सोललेले असतील तर बेल्ट बदलून थांबू नका. वॉटर पंप किंवा कॅम कुठेतरी जाम होतोय, आणि ते शोधलं नाही तर नव्या बेल्टचीही तीच गत होईल.

एकाच कडेचे दोरे निघालेले दिसणं जास्त बोलकं. बेल्ट सरळ चालत नाहीये असा त्याचा अर्थ. बेल्टला ताण देणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग ढिलं किंवा पंपाच्या शाफ्टला खेळ, बहुतेक यांपैकीच एक निघतं. कव्हरच्या आत थोडी काळी पूड चालते, ढीग चालत नाही. बेअरिंगभोवती तांबूस गंजासारखी पूड असेल तर ते बेअरिंग गेलं समजा.

ओलावा दिसला तर बोटावर घ्या. ऑइल असेल तर कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील गळतंय. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि दात सुटतात. पंपाखाली वाळलेला पांढरा, हिरवा किंवा गुलाबी थर म्हणजे कूलंट. दोन्हीत आधी गळती बंद करायची, मग नवा बेल्ट घालायचा. भिजलेला बेल्ट पेट्रोलने पुसून, त्यावर स्प्रे मारून चालवायचा प्रयत्न करू नका.

ताण बघायची जुनी रीत म्हणजे सगळ्यात लांब सरळ भाग चिमटीत धरून पीळ द्यायचा, ९० अंशांवर अडला पाहिजे. हे हाताने ताण द्यायच्या टेन्शनरपुरतं ठीक. ऑटोमॅटिक टेन्शनर असेल तर त्याचा काटा खाचेसमोर आहे का तेवढं बघा. आणि एक गैरसमज: सकाळी गाडी चालू करताना येणारी किंचाळी सहसा बाहेरच्या फॅन बेल्टची असते. टायमिंग बेल्ट दातांमुळे तसा घसरत नाही. कव्हरमागून सतत घरघर येत असेल तर मात्र टेन्शनरकडे किंवा पंपाकडे बोट जातं.

आता या सगळ्याची मर्यादा. तपासणीत बेल्ट नापास ठरू शकतो, पास ठरत नाही. आजकालच्या बेल्टचं रबर जुन्यापेक्षा चिवट असतं, भेग न दाखवताही आतले तंतू थकतात. म्हणून सर्व्हिस बुकातले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल ते, हाच शेवटचा शब्द. इनोव्हाचा टी-बेल्ट दिवाही बेल्ट तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट कितीही छान दिसो, मुदत संपली असंच धरा. बदलताना टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) त्याच वेळी घ्या. पंप या बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण मजुरी सगळी उघडझाकीचीच असते.

कव्हर लावण्याआधी आत चिंधी किंवा सॉकेट राहिलं नाही ना ते बघा, सगळे बोल्ट परत लावा, आणि कव्हरवर मार्करने तारीख व किलोमीटर लिहून ठेवा.