थंडीत म्हैस व्याली तर रेडकू पहिली रात्र कसं काढंल

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंचगंगेकडनं गार वारं सुटतंय, त्यात म्हैस व्याली तर आधी रेडकू कोरडं करा बाकी सगळं मागनं. म्हैस चाटत असली तर चाटू दे, नसली तर कोरडं गोणपाट घेऊन खसाखसा चोळा, कानं पाय सगळं, कारण अंगावरचं पाणी वाळताना ऊब ओढून नेतंय.

आता आतली गंमत. रेडकू येतानाच मूत्रपिंडाभोवती तपकिरी चरबी घेऊन येतंय, ब्राऊन फॅट म्हणतात ते. साध्या चरबीसारखी ही नुसती साठवण न्हाई. हिच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या बारक्या भट्ट्या, ठासून भरलेले, त्यातल्या लोहामुळंच रंग तपकिरी, आणि यूसीपी-१ नावाचं प्रोटीन असतंय त्यामुळं चरबी जळली की सरळ उष्णताच होते. कातडीला गार लागलं की मज्जातंतूंतनं नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सुटतं आणि ही शेगडी पेटते, न कुडकुडता. (डुकराच्या पिल्लात हे प्रोटीन चालतच न्हाई, बिचारी नुसती कुडकुडतात.) पण सरपण थोडंच असतंय, आणि काही आठवड्यांत ती चरबी पांढरी होऊन जाते.

म्हणून चीक. दोन तासांच्या आत पहिला, आणि २४ तासांत वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या रेडकाला ३ लिटर, दोन-तीन वेळा करून. खरवसासाठी शेजारच्या काकू भांडं घेऊन येणारच, आमच्याकडं तर वास लागल्यागत येतात, पण रेडकाचं पोट भरल्याशिवाय थेंब देऊ नका.

रेडिएशन म्हटलं की लोकांना एक्सरे आठवतो, पण रात्री मोकळ्या आभाळाखाली बांधलेलं रेडकूपण रेडिएशननंच ऊब घालवत असतंय, वर साधं छप्पर असलं तरी लई फरक पडतो. इन्फ्रारेड बल्ब तेच रेडिएशन उलटं अंगावर देतो, म्हणजे आतलं सरपण वाचतंय. खाली पाचट टाका, ऊसतोडीच्या दिवसात काय कमी न्हाई, वीतभर जाड पण कोरडं. बल्ब ३ फूट तरी वर आणि साखळीनं टांगा, पाचट कसं पेटतंय ते फडात बघितलंय सगळ्यांनी.

थर्मामीटर गुदद्वारात लावून बघा, ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस ठीक. ३७ च्या खाली गेलं आणि तोंडात बोट घातल्यावर चोखत नसलं तर बळंच चीक ओतू नका, फुप्फुसात जाईल. डॉक्टरला फोन लावा, तोवर कोमट पाण्यात मान वर धरून बसवा आणि बाहेर काढलं की परत गोणपाट.