कोळंबीच्या कवचापासून मज्जारज्जूसाठी जेल कसे करावे

मज्जारज्जूला जबर मार बसला की तुटलेले चेतातंतू आपणहून पुन्हा वाढून जुळत नाहीत. जखमेच्या जागी पोकळी उरते आणि तिच्याभोवती ॲस्ट्रोसाइट या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचा व्रण धरतो. ही पोकळी भरून तंतूंना वाट देऊ शकेल असा एक पदार्थ म्हणजे कायटोसान. तो कोळंबीच्या कवचापासून मिळतो आणि गोव्याच्या मासळीबाजारात कवचांना तोटा नाही, म्हणून येथील विद्यार्थ्यांनी प्रारंभ त्याच्यापासून करावा.

धुतलेल्या कवचातील कॅल्शियम कार्बोनेट सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने व प्रथिने सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने काढावीत. उरलेले कायटिन, म्हणजे कवचाला बळकटी देणारा तंतुमय पदार्थ, ४० ते ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवले की कायटोसान मिळते. हे काम मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, हातमोजे व चष्मा घालूनच करावे. असे स्वतः बनवलेले कायटोसान केवळ शिकण्यापुरते वापरावे. त्यात राहिलेली प्रथिने आणि जिवाणूंची अंतर्विषे चेतासंस्थेतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींना चेतवतात, त्यामुळे पेशींवरील प्रयोगांसाठी शुद्ध केलेले, वैद्यकीय दर्जाचे कायटोसानच घ्यावे.

कायटोसान सौम्य आम्लात विरघळवून बर्फात थंड करावे आणि ढवळत ढवळत त्यात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट या क्षाराचे थंड द्रावण थेंबाथेंबाने सोडावे. थंड असता हे मिश्रण पातळ राहते आणि ३७ अंश सेल्सिअसला घट्ट होते, त्यामुळे ते सुईने टोचून वेड्यावाकड्या पोकळीतही भरता येते. ग्लिसरोफॉस्फेट मात्र बेताने वापरावे, कारण ते जास्त झाले तर पेशी मरतात.

माझ्या मते खरी परीक्षा यानंतरच आहे. मेंदू व मज्जारज्जू अत्यंत मऊ असतात. त्यांचा ताठरपणा साधारण एक किलोपास्कलच्या आसपास भरतो, म्हणून रिओमीटर या ताठरपणा मोजणाऱ्या यंत्रावर मोजूनच जेलचे प्रमाण ठरवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते किती फुगते हे पाहणे. ३७ अंशांच्या क्षारद्रावणात ठेवून त्याचे वजन ठराविक वेळाने नोंदवावे, कारण मणक्यांची नळी हाडांनी बंदिस्त असल्यामुळे फुगलेले जेल शेजारच्या शाबूत रज्जूलाच दाबेल.

तंतूंना दिशा हवी असेल तर जेल एकाच बाजूने गोठवून सुकवावे, म्हणजे आत समांतर नळ्या तयार होतात.

प्राण्यांवरील चाचणी संस्थेच्या नीतिसमितीच्या लेखी परवानगीनंतरच करावी. त्यात जेल न भरलेला जखमी गट असावा, आणि उंदरांच्या चालण्याला ० ते २१ गुण देणाऱ्या निरीक्षकाला कोणत्या उंदरात जेल भरले आहे हे ठाऊक नसावे.